भागाकाराखालचा आकडा

मी मणी तयार करतो असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दुकान आहे का. हुपरीकडचा माणूस असला तर तो चांदीच्या मण्यांची चौकशी करतो. मग मला सांगावं लागतं की माझे मणी गळ्यात घालायचे नसतात. ते बारीक रव्याएवढे असतात, प्लास्टिकच्या जातीचे असतात आणि रक्त तपासायला लागतात. इथपर्यंत आलं की समोरच्याचा रस संपतो. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पावण्यांनी तर ‘म्हंजे लॅबवालं व्हय’ एवढं म्हणून तांबड्या रश्श्याकडे लक्ष वळवलं. मला राग आला होता. मला राग लवकर येतो हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या मण्यांचा दोष कमी आणि माझ्या रागाचा जास्त आहे.

कोल्हापूरच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या मागच्या बाजूला माझं छोटं शेड आहे. तिथं मी आणि एक मावशी, अशी दोन माणसं काम करतो. काम तसं स्वयंपाकासारखंच आहे, फक्त चाखायचं नाही. मोठ्या काचेच्या भांड्यात पाणी घ्यायचं, त्यात थोडा चिकटपणा आणणारी पूड विरघळवायची आणि वरून तेलासारखं रसायनांचं मिश्रण ओतायचं. ते पाण्यात मिसळत नाही. भांड्यात एक पंखा सतत फिरत असतो, त्याने त्या तेलाचे थेंब होतात. पंखा जोरात फिरवला तर थेंब बारीक, हळू फिरवला तर जाड. मग हळूहळू तापवत न्यायचं आणि तासन् तास फिरवत ठेवायचं. प्रत्येक थेंब आतून घट्ट होत जातो आणि शेवटी त्याचा मणी होतो. मध्येच वीज गेली आणि पंखा थांबला तर सगळे थेंब एकमेकांना धरून बसतात आणि भांड्यात एकच मोठा दगड उरतो. असे तीन दगड मी शेडच्या दाराशी ठेवले आहेत. मावशी त्यांच्यावर डबा खायला बसते.

मणी झाले म्हणजे काम संपलं असं नाही. ते कॉस्टिक सोड्यात उकळायचे, आम्लात भिजवायचे आणि पुन्हा पुन्हा पाण्याने धुवायचे. मग वाळवून मावशी ते चाळणीवर चाळते, एकाखाली एक अशा चार चाळण्या. मावशी आजऱ्याकडची, शिक्षण चौथीपर्यंत, पण मण्यांचा आकार तिला चिमटीत कळतो. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून जे सांगतो ते तिनं आधीच सांगितलेलं असतं.

एकदा खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेसाठी आईला शेडवर नेलं होतं. भांड्यात मणी तयार होताना बघून ती म्हणाली, “बुंदी पाडतोस की रं.” मग या बुंदीचा उपयोग काय, हे मी तिला समजावून सांगायला बसलो. रक्ताला तांबडेपणा ज्याने येतो ते हिमोग्लोबिन. मधुमेह असला की रक्तातली जास्तीची साखर या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत राहते. रक्ताच्या पेशी फोडून ते पाणी माझ्या मण्यांबरोबर हलवलं की साधं हिमोग्लोबिन मण्यांना धरून बसतं आणि साखर चिकटलेलं वर पाण्यात राहतं, त्याला मणी धरत नाहीत. आईने जरा विचार केला आणि म्हणाली, चिकट हाताच्या पोराला कोण कडेवर घेतंय. एवढ्या वर्षांत मी लॅबवाल्यांना जेवढी व्याख्यानं दिली, त्यात इतकं सोपं वाक्य मला सुचलं नव्हतं.

पुढचं काम मोजण्याचं. वर राहिलेल्या पाण्याचा तांबडेपणा कलरीमीटरवर मोजायचा, मग तेवढ्याच रक्ताचा सगळा तांबडेपणा मोजायचा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. शंभरातले किती भाग गोड झाले ते कळतं. रक्ताची पेशी तीन-चार महिने जगते, म्हणून हा आकडा गेल्या तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. मी लॅबवाल्यांना मोठ्या ऐटीत सांगायचो की एक दिवस उपास करून सकाळच्या साखरेला फसवता येतं, तीन महिन्यांना फसवता येत नाही. माणूस खोटं बोलेल, मणी बोलणार नाहीत. हे वाक्य माझं फार आवडतं होतं.

आईला आठ-नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. घरात आम्ही दोघेच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, इथे नकोत. आई हातकणंगले तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरची. शब्दाला पक्की. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली त्या दिवसापासून तिने चहात साखर घातली नाही, आणि त्या बिनसाखरेच्या चहाला नावं ठेवायचंही सोडलं नाही. तिचा तीन महिन्यांचा आकडा कायम सातच्या आसपास असायचा. कधी सहा पूर्णांक नऊ, कधी सात पूर्णांक एक. त्यामुळे मला एक सोय झाली. नवीन मणी तयार झाले की ते बरोबर मोजतात की नाही हे बघायला ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं रक्त लागतं. तसलं रक्त विकत मिळतं, पण ते बाहेरून बर्फात येतं आणि कधीच वेळेवर येत नाही. आई घरातच होती. दर महिन्याला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या तपासणी केंद्रात ती जायची, तिथली मुलगी एक छोटी नळी भरून द्यायची आणि मी ती शेडवर न्यायचो. आईचं सात आलं की बॅच पास.

आईला याचा अभिमान होता. शेजारणींना ती सांगायची, माझं रगत दर म्हैन्याला कंपनीत जातंय. मावशीने नव्या बॅचच्या बरणीवर चिठ्ठी लावताना ‘आई पास’ असं लिहायला सुरुवात केली होती. मी एक वही ठेवली होती, तिच्यात तारीख आणि तीन रकाने. वरचा आकडा, खालचा आकडा आणि उत्तर. उत्तराभोवती मी लाल पेनाने गोल करायचो. बाकीच्या दोन रकान्यांकडे पुन्हा बघायचं कारणच काय, भागाकार झाला की त्यांचं काम संपलं.

त्या वर्षी दिवाळीला सात होतं. मग थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली आणि मामाने दरवर्षीसारखा काकवीचा डबा पाठवला, पाच किलोचा, वर फडकं बांधलेला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आईला काकवी चालत नाही हे त्याला माहीत होतं, पण बहिणीच्या घरी डबा गेला नाही तर गुऱ्हाळ लागल्यासारखं त्याला वाटायचं नाही. आईही तो डबा स्वयंपाकघरात समोरच ठेवायची, आल्यागेल्याला दिसेल असा.

जानेवारीत आईचं उत्तर साडेसातच्या वर आलं. मी लगेच नव्या बॅचला दोष दिला. मणी नीट धुतले गेले नसतील म्हणून पुन्हा धुतले. तरी तेच. मग मणी ज्यात हलवतो ते बफरचं पाणी बदललं, शेडमध्ये गारठा होता म्हणून हीटर लावून खोली बरोबर तापवली. तरी तेच. आई चुकणं शक्यच नव्हतं, म्हणून मी ती अख्खी बॅच टाकून दिली. मावशीने ते मणी चार दिवस चाळले होते. ती म्हणाली की मणी चांगले आहेत, तिच्या बोटांना कळतंय. मी तिला गप्प बसवलं. दोन आठवडे घालवून नवी बॅच केली आणि फेब्रुवारीत आईचं उत्तर आठच्या वर गेलं. सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणू, त्याच आठवड्यात विकतचं ठरलेल्या उत्तराचं रक्त येऊन पडलं होतं. ते मोजलं तर तंतोतंत जुळलं. म्हणजे मणी निर्दोष होते. टाकून दिलेलेही निर्दोषच असणार. आता एकच आरोपी उरला.

एकदा संशय आला की पुरावे आपोआप गोळा होतात. मी घरी येऊन काकवीचा डबा उघडून बघितला. चार बोटं उतरला होता. दोन दिवसांनी आई सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि मधूनच कच्च्या तांदळाचे चार दाणे तोंडात टाकून चावत होती. मी दारातून बघत होतो. थोड्या वेळाने पुन्हा चार दाणे. दुपारी ती झोपू लागली होती, पूर्वी कधी झोपायची नाही. साखर वाढली की माणसाला सुस्ती येते हे मला ठाऊक होतं. सगळं जुळत होतं.

मी तिला स्वयंपाकघरातच विचारलं. विचारलं म्हणजे काय, निकाल सांगितला. ती भाकरी थापत होती. काकवी खाल्ली नाही म्हणाली. मी डब्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली की सकाळची साखर बघ, बोटाला टोचून ती रोज मशीनवर बघून वहीत लिहिते, ती चांगली आहे. मी म्हटलं, सकाळच्या साखरेला फसवता येतं. मग तांदळाचं विचारलं. त्यावर ती ओशाळली आणि म्हणाली की ते आपलं उगीच, चावावंसं वाटतं. तिच्या ओशाळण्यात मला कबुली दिसली. तेव्हा मी माझं आवडतं वाक्य म्हणालो.

“आई, माणूस खोटं बोलतो. मणी बोलत नाहीत.”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या रविवारी मी काकवीचा डबा गाडीवर बांधला आणि मामाच्या गावाला गेलो. गुऱ्हाळ चालू होतं. काईलीतून वाफ निघत होती, गुळव्या फावड्याने रस ढवळत होता आणि पाच-सहा माणसं आजूबाजूला उभी होती. मी डबा खाली ठेवला आणि मामाला सांगितलं की यापुढे पाठवू नका, आई चोरून खाते. सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज माझा मोठाच असतो, आणि काईलीच्या आवाजामुळे तो आणखी मोठा करावा लागला. मामाने हात धोतराला पुसले, डबा उचलून छपराखाली नेऊन ठेवला आणि मला चहा दिला. आई बरी आहे का, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, पथ्य पाळलं तर बरी राहील.

माहेरच्या डब्याला बाईच्या जातीत काय किंमत असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला ते त्या वेळी महत्त्वाचं वाटलं नाही. आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तिने जेवण कमी केलं. दोन भाकऱ्यांची एक केली, संध्याकाळी नुसतं ताक. महिना संपला की काही न बोलता तपासणी केंद्रात जाऊन नळी भरून आणायची आणि माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवायची. मार्चमध्ये उत्तर आणखी वर गेलं. मी कागदावर आकडा लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवला. आता लिहितानाही त्या कागदाची मला लाज वाटते.

त्याच सुमाराला एक दिवस दुपारी डबा खाताना मावशीने विचारलं, “सायेब, घरातली काकवी सपली व्हय? हल्ली डब्यात येत न्हाय.”

मी घास हातात धरून बसलो. आई माझ्या डब्यात रोज एका छोट्या डबीत काकवी द्यायची, दोन माणसांना पुरेल एवढी. चपातीशी मी ती खायचो, मावशीही खायची, आणि सकाळी नाश्त्याला पुन्हा मीच खायचो. जी चार बोटं काकवी उतरली ती माझ्याच पोटात गेली होती. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, खाणारा मीच होतो. पण मी इतका आडमुठा की त्याच संध्याकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घातली: काकवी नसेल, दुसरं काहीतरी असेल. मण्यांनी सांगितलंय ना.

चैत्राची यात्रा होऊन गर्दी ओसरल्यावर आम्ही एका रविवारी जोतिबाला गेलो. आमचं कुलदैवत, दरवर्षीचा नेम. देवळाकडे जाताना पायऱ्या उतरायच्या असतात आणि येताना चढायच्या. यात्रेचा गुलाल अजून दगडांच्या सांध्यांत होता. दर्शन झालं, आईने गुलाल-खोबरं वाहिलं, आणि आम्ही वर यायला निघालो. दहा-बारा पायऱ्यांवर ती थांबली. मग आणखी चार चढली आणि खाली बसली. मला वाटलं, माझ्यावर रुसून मला दाखवायला बसली. खरंच असं वाटलं. मी दोन पायऱ्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, चल, ऊन वाढतंय. तिने धाप टाकत हात वर केला, मला धरून उठव म्हणून.

मी हात धरला. तळव्याला गुलाल होता, तिने तो पदराला पुसला आणि पुन्हा हात पुढे केला. गुलाल गेला तशी खालची तळहाताची कातडी दिसली. धुतलेल्या तांदळासारखी पांढरी. नखंही पांढरी. मी दिवसभर तांबडा रंग मोजणारा माणूस आहे. तांबड्याच्या किती छटा मला माहीत आहेत याची मी कधीकधी फुशारकी मारतो. आणि ज्या हातची भाकरी मी रोज खातो त्या हातात तांबडा रंग उरलाच नव्हता, हे मला चार-पाच महिने दिसलं नव्हतं.

एका दुकानदाराने पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, आम्ही थांबत थांबत वर आलो. आईला घरी सोडून मी तसाच शेडवर गेलो. वही काढली. लाल गोल केलेल्या उत्तरांवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मधला रकाना वरून खाली वाचला. खालचा आकडा, म्हणजे सगळ्या रक्ताचा तांबडेपणा. दिवाळीला होता त्याच्यापेक्षा डिसेंबरात कमी. जानेवारीत आणखी कमी. फेब्रुवारीत, मार्चमध्ये आणखी. मार्चचा आकडा दिवाळीच्या निम्म्याला जेमतेम पोचत होता. प्रत्येक आकडा माझ्याच अक्षरात होता. दर महिन्याला मी तो लिहिला, त्याने भागलं आणि विसरलो. रक्त पातळ झालं की वरचा आकडाही त्याच्याबरोबर उतरतो, म्हणून भागाकारात ते दिसत नाही. आई माझ्या वहीत महिन्यामहिन्याने कमी होत चालली होती आणि मी उत्तराभोवती गोल काढत होतो.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने आत बोलावलं, आणि आईची परवानगी घेऊन सांगितलं. आईला मूळव्याधीचा त्रास होता. दिवाळीच्याही आधीपासून रोज थोडं थोडं रक्त जात होतं. मुलाला असलं कसं सांगायचं म्हणून ती गप्प होती. शरीरातलं लोह संपत आलं होतं. धाप, झोप, कच्चे तांदूळ चावावेसे वाटणं, सगळं त्याचंच. लोह कमी पडलं की काही माणसं तांदूळ चावतात, काही खडू, काही माती, असं त्या म्हणाल्या. मी माझ्या आकड्याचं विचारलं. लोह कमी असलं की नव्या पेशी नीट तयार होत नाहीत, बऱ्याचदा हा तीन महिन्यांचा आकडा उगीचच वाढलेला दिसतो, म्हणून अशा माणसात त्याच्यावर विसंबायचं नसतं, असं त्यांनी सांगितलं. सकाळच्या साखरेची आईची वही त्यांनी चाळली आणि म्हणाल्या की पथ्य उत्तम पाळलंय, उलट जेवण फार कमी आहे, ते का केलं?

आई खाली बघत होती. मीही.

घरी येताना रिक्षात मला रागच आला. स्वतःवरचा होता, पण बाहेर पडताना तिच्यावर निघाला. मी म्हटलं, एवढे महिने मला सांगायचं नाही का? तिने माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

“तू मण्यांना इचारत हुतास. मला एकदा तरी इचारलंस, आई तुला काय हुतंय? त्वा इचारलंस ते काय खाल्लंस म्हणून.”

रिक्षावाल्याने आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. घरी गेल्यावर मी फ्रीजवरचा कागद काढला. त्याच्यामागची चिकटपट्टी निघेना, ती नखाने खरवडत मी बराच वेळ उभा होतो. आई म्हणाली, राहू दे, भांड्याच्या घासणीने निघंल.

उपचार झाले. छोटी शस्त्रक्रिया झाली, लोहाची इंजेक्शनं झाली. दोन महिन्यांत तिच्या तळव्यांना रंग आला आणि दुपारची झोप बंद झाली. भाकऱ्या पुन्हा दोन झाल्या. मी वही पुढे चालू ठेवली. आता खालचा आकडा चढत होता आणि उत्तर मात्र धाडकन सहाच्या जवळ आलं. आईला ते सांगितलं तर ती खूश झाली. तिला सांगणं भाग पडलं की हेही खरं नाही, नव्या पेशी पुष्कळ झाल्यात, त्यांना साखर चिकटायला अजून वेळच मिळाला नाही. ती हसली आणि म्हणाली, “वाढलं ते बी खोटं, उतरलं ते बी खोटं. मग तू दिवसभर तिथं करतोस तरी काय?”

एक केलं. माझ्या मण्यांबरोबर लॅबना जो छापील कागद जातो, त्यात बदल केला. आता भागाकाराच्या आधी एक ओळ आहे: खालचा आकडा नेहमीपेक्षा कमी असेल तर उत्तर काढायला घाई करू नका, रुग्णाचं हिमोग्लोबिन तपासा आणि रुग्णाला काय त्रास होतोय ते विचारा. एका लॅबवाल्याने फोन करून सांगितलं की शेवटचं वाक्य शास्त्रीय कागदात बरं दिसत नाही. मी ते काढलं नाही. मावशीची टाकून दिलेली बॅच परत आणता येण्यासारखी नव्हती, पण तिची माफी मागितली. ती म्हणाली, सायेब, माझी बोटं काय म्हणत हुती.

एक काम मात्र राहून गेलं होतं, आणि ते मी सहा महिने टाळत होतो. पुन्हा थंडी आली, गुऱ्हाळं लागली. या वेळी मामाने डबा पाठवला नाही. दोन-तीनदा डब्याच्या जागेवर उगीच फडकं फिरवताना मी आईला बघितलं. रविवारी मी तिला गाडीवर मागे बसवलं आणि मामाच्या गावाला नेलं.

तीच काईल, तोच गुळव्या, आणि माणसंही बहुतेक तीच. मी मुद्दामच थांबलो, सगळे आजूबाजूला येईपर्यंत. मग मामाला सांगितलं की गेल्या वर्षी मी बोललो ते खोटं होतं. आईने काकवीला हात लावला नव्हता, ती मीच खाल्ली. तिला रक्त कमी होतं आणि मला ते कळलं नाही. आवाज मोठाच ठेवला, गेल्या वेळेइतका.

मामाने हात पुसले. “मला ठावं हुतं,” तो म्हणाला. “ही चोरून खायाची न्हाय. ल्हानपणी बी खायचं आसलं तर सांगून खायाची, आन् आमच्या म्हाताऱ्याचा मार बी खायाची.”

छपराखालून तो डबा घेऊन आला. गेल्या वर्षीचाच डबा, घासून लख्ख केलेला, वर नवं फडकं. त्यात त्याने काईलीतली ताजी काकवी ओतली आणि डबा आईच्या हातात दिला. आईने तो दोन्ही हातांनी धरला. चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट बघितलं नाही, मला बघवलं नाही. मग तिने डबा खाली ठेवला, मामाच्या हातातल्या पळीला एक बोट लावलं, फुंकर घातली आणि सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघत, ते चाटलं.

“लिव्ह तुझ्या वहीत,” ती म्हणाली.

सोमवारी शेडवर गेल्यावर मी वही उघडली. तारीख घातली. वरचा आकडा, खालचा आकडा आणि उत्तर हे तिन्ही रकाने त्या दिवशी रिकामे होते, रक्त आणलेलं नव्हतं. त्या तिन्ही रकान्यांवरून आडवं लिहिलं: एक बोट काकवी, सांगून खाल्ली.